किंक्स पुन्हा एकत्र येणार का? फाटका स्पीकर, लाल कोट आणि दोन भावांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडचा विषय निघाला की आपल्याकडच्या गप्पा बीटल्सपासून सुरू होतात, रोलिंग स्टोन्सपर्यंत जातात आणि बहुतेकदा तिथेच थांबतात. किंक्सचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, "ते 'लोला'वाले का?" हो, तेच. पण 'लोला'च्या आधी आणि नंतर त्यांनी जे करून ठेवलंय ते ऐकल्यावर माणूस त्यांना सोडत नाही, हा माझा अनुभव आहे. गेली अनेक वर्षं मित्रमंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून काढली.

मुळात किंक्स म्हणजे कोण?

उत्तर लंडनमधल्या मसवेल हिल भागात उभा राहिलेला चौघांचा बँड. रे डेव्हिस (जन्म १९४४) गाणी लिहायचा, गायचा आणि ऱ्हिदम गिटार वाजवायचा. त्याचा धाकटा भाऊ डेव्ह (जन्म १९४७) लीड गिटारवर. रेच्या शाळेतला पीट क्वेफ बासवर आणि मिक एव्हरी ड्रम्सवर. १९६४ च्या सुरुवातीला पाय रेकॉर्ड्सनं त्यांना घेतलं. पहिल्या दोन सिंगल्सकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसरं गाणं 'यू रियली गॉट मी' ऑगस्ट १९६४ मध्ये आलं आणि सप्टेंबरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. त्यानंतर 'टायर्ड ऑफ वेटिंग फॉर यू' (१९६५) आणि 'सनी आफ्टरनून' (१९६६) हीसुद्धा पहिल्या क्रमांकावर गेली, तर 'वॉटरलू सनसेट' (१९६७) आणि 'लोला' (१९७०) दुसऱ्या. माणसं बदलत गेली, पण बँड १९९६ पर्यंत चालला.

'डेव्हिस' म्हणायचं की 'डेव्हीज'?

डेव्हिस. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण 'डेव्हीज' म्हणतो, पण ब्रिटनमध्ये या आडनावाचा उच्चार डेव्हिस असाच होतो.

'यू रियली गॉट मी'मधला तो खरखरीत, फाटलेला गिटारचा आवाज कसा काढला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर द्यायलाही मला हाच सगळ्यात जास्त आवडतो.

डेव्हकडे एल्पिको कंपनीचा एक लहानसा हिरवा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, होता. मसवेल हिलमधल्याच एका रेडिओच्या दुकानातून आणलेला, कमी ताकदीचा, स्वस्तातला. त्याचा मिळमिळीत आवाज डेव्हला मुळीच आवडत नव्हता. तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा. एके दिवशी त्यानं दाढीचं ब्लेड घेतलं आणि त्या अँपमधल्या स्पीकरच्या कागदी कोनाला, म्हणजे आतल्या शंकूला, मधूनच चिरा पाडल्या. मग त्या चिरलेल्या अँपचा आवाज व्हॉक्स एसी थर्टी या मोठ्या अँपमधून काढला. गिटार होती हार्मनी मेटिऑर, तीही काही भारी वाद्यांत मोडणारी नव्हे. स्पीकरचा कोन शाबूत असतो तेव्हा तो एकसंध पुढेमागे हलतो. चिरा पडल्या की त्याचे तुकडे आपापले थरथरतात, एकमेकांवर घासतात, आणि सुराच्या कडा फाटतात. आज हाच परिणाम पायाने दाबायच्या एका डबीतून मिळतो. १९६४ मध्ये त्यासाठी ब्लेड लागलं.

माझ्या आजोळी एक जुना रेडिओ होता. त्याच्या स्पीकरचा कागद एका बाजूनं फाटला होता, आणि बातम्या सांगणाऱ्याच्या आवाजातही घरघर यायची. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी त्या फाटलेल्या जागी पातळ कागदाची पट्टी फेव्हिकॉलनं चिकटवली आणि आवाज स्वच्छ झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी किंक्सचं हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती घरघर मी लगेच ओळखली. लहानपणी जिला बिघाड म्हणून चिकटवून टाकताना पाहिलं होतं, ती इथे एका मुलानं हौसेनं पाडून घेतली होती.

या गोष्टीची आणखी एक बाजू आहे आणि ती पुढच्या प्रश्नांशी जोडलेली आहे. हा आवाज नेमका कुणी शोधला यावरून दोघा भावांचं आजतागायत एकमत नाही. तो माझा, एकट्याचा, असं डेव्हनं जाहीरपणे आणि रागानं सांगितलेलं आहे. माझं मत डेव्हच्या बाजूनं आहे. गाणं रेचं, पण आवाज डेव्हचा.

त्यातला सोलो जिमी पेजनं वाजवला होता ना?

नाही. ही अफवा साठ वर्षं चालू आहे. पेज तेव्हा लंडनमधला नावाजलेला सेशन गिटारवाला, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा, होता आणि निर्माता शेल टाल्मी त्याला बऱ्याच रेकॉर्डिंगना बोलवायचा, त्यातून ती उठली. सोलो डेव्हचाच आहे. पेजनं स्वतः सांगितलंय, टाल्मीनंही सांगितलंय. नीट ऐकलात तरी कळेल. त्यात व्यावसायिक वादकाची सफाई नाही, घाईघाईत जिना उतरणाऱ्या पोराची धडपड आहे. सेशनवाला इतकं बेभान वाजवत नाही.

मात्र ड्रम्सवर मिक एव्हरी नव्हता, हे खरं. टाल्मीनं बॉबी ग्रॅहम या सेशन ड्रमरला बसवलं होतं आणि मिकच्या हातात टँबरिन दिली होती. पियानोवर आर्थर ग्रीनस्लेड. रेकॉर्डिंग झालं लंडनच्या आयबीसी स्टुडिओत. त्याआधी एकदा हेच गाणं संथ आणि प्रतिध्वनी भरलेलं असं रेकॉर्ड झालं होतं. रेला ते अजिबात पसंत पडलं नाही, त्यानं हट्ट धरून ते पुन्हा करवलं. तो हट्ट त्यानं धरला नसता तर हे पान लिहायची वेळच आली नसती.

'यू रियली गॉट मी'ची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तो गिटारचा तुकडा, घरी वाजवता येईल का?

गिटार हातात घेऊन महिना झाला असेल तरी येईल. दोनच पॉवर कॉर्ड आहेत, एफ आणि जी. सगळ्यात जाड तारेवर पहिल्या फ्रेटवर तर्जनी, पुढच्या दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटवर उरलेली बोटं. हा झाला एफ. हाच आकार तसाच दोन फ्रेट पुढे सरकवला की जी. क्रम असा: एफ, जी, जी, एफ, जी. कडव्यात पुढे हाच नमुना वर चढतो, आधी ए वर आणि मग डी वर. बोटं बसायला वेळ लागत नाही, हात बसायला लागतो. प्रत्येक फटक्यानंतर तारा किंचित दाबून आवाज तोडा, नाहीतर ते नुसतं गुणगुणत राहतं. आणि अँपचा स्पीकर फाडू नका, डिस्टॉर्शनचं बटण पुरेसं आहे.

डेव्हची ती बाणासारखी दिसणारी गिटार कोणती?

गिब्सन फ्लाइंग व्ही. १९६५ च्या अमेरिका दौऱ्यात विमान प्रवासात त्याची गिल्ड गिटार हरवली. कार्यक्रम तोंडावर होता, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये मिळेल ती दुसरी घ्यायला तो बाहेर पडला आणि ही घेऊन आला. गिब्सननं हे मॉडेल १९५८ मध्ये काढलं होतं, पण तेव्हा ते फारसं खपलं नाही आणि लवकरच बंद झालं. त्या आकाराची गिटार बसून धरताच येत नाही, मांडीवरून घसरते. डेव्ह व्हीच्या फटीतून हात घालून वाजवायचा. टीव्हीवर त्याला तसं वाजवताना लोकांनी पाहिलं. नंतरच्या काळात त्याच्या हातात टेलिकास्टर आणि लेस पॉलही दिसतात, पण चाहत्यांच्या डोळ्यांसमोर येतो तो फ्लाइंग व्ही घेतलेलाच.

'लोला'च्या सुरुवातीचा झणझणीत आवाज कशाचा?

दोन गिटारींचा. रेला या गाण्यासाठी चांगली मार्टिन अकूस्टिक हवी होती. लंडनच्या शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या वाद्यांच्या दुकानात तो गेला, तर कोपऱ्यात १९३८ ची जुनी धातूची रेझोनेटर गिटार पडलेली दिसली. दीडशे पौंडांना त्यानं ती घेतली. मार्टिन आणि ही रेझोनेटर एकावर एक रेकॉर्ड करून दोन्हींचा आवाज कंप्रेसरनं घट्ट दाबला, तेव्हा घंटेवर टोला पडल्यासारखा तो पहिला ठोका मिळाला. हेडफोन लावून सुरुवातीचे दहा सेकंद ऐका. लाकूड आणि पत्रा, दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात.

कीबोर्ड कोण वाजवायचं?

साठच्या दशकात बहुतेक वेळा निकी हॉपकिन्स. 'सनी आफ्टरनून'मध्ये जी फुंकून वाजवायची पेटी ऐकू येते, मेलोडिका, ती त्याची. १९६८ च्या 'व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' अल्बममध्ये मेलोट्रॉन ऐकू येतो. कळ दाबली की आत टेपवर आधीच रेकॉर्ड केलेला बासरीचा किंवा व्हायोलिनचा सूर वाजतो, असं ते यंत्र. १९७० पासून जॉन गोसलिंग कायमचा कीबोर्डवाला झाला. आणि जुन्या गाण्यांत मागून येणारा तो उंच, नाजूक बाईचा आवाज रेच्या तेव्हाच्या पत्नीचा, रासाचा. 'वॉटरलू सनसेट' तिच्याशिवाय कल्पना करून बघा.

किंक्सचा मुंबईशी काही संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसानं तर हे माहीत करून घ्यायलाच हवं.

जानेवारी १९६५ मध्ये किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले होते. वाटेत मुंबईत मुक्काम पडला. भल्या पहाटे रेला समुद्राकडून आवाज ऐकू आला. मच्छीमार कामावर निघाले होते आणि जाता जाता एका सुरात काहीतरी म्हणत होते. लंडनच्या वीस वर्षांच्या पोराला त्या आवाजात काय सापडलं असेल? एकच सूर खाली धरून ठेवलेला आणि त्यावर फिरून फिरून येणारी चाल. घरी परतल्यावर त्यातून 'सी माय फ्रेंड्स' तयार झालं. जुलै १९६५ मध्ये ते बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

तारखा नीट बघा. बीटल्सचं सतार असलेलं पहिलं गाणं डिसेंबर १९६५ मध्ये आलं, म्हणजे किंक्स चार महिने आधी. बरं, किंक्सच्या गाण्यात सतार नाहीच. गिटारवरच तंबोऱ्यासारखा षड्ज धरून ठेवलाय आणि रे त्यावर नाकातून काढल्यासारखा, थोडा खेचून गातो. यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडनंही त्याच सुमाराला असा प्रयोग केला होता, त्यामुळे 'सगळ्यात पहिलं' असा दावा मी करणार नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाकीच्यांनी भारतातून वाद्य उचललं, वादनाची ढब उचलली. रेनं उचलला तो कामावर जाणाऱ्या माणसांचा आवाज. मैफलीतला नव्हे, किनाऱ्यावरचा.

ते मच्छीमार कोण? रेनं कुठल्या वाडीचं नाव घेतलेलं नाही. पण मुंबईचा किनारा, पहाटेची वेळ, होड्या आणि एकसुरात चाललेलं गाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोळीच येणार. हे गाणं मी एकदा समुद्रावर बसून मुद्दाम ऐकलं. सुरुवातीच्या त्या धरलेल्या सुराखाली होडीचं इंजिन वाजत होतं, आणि दोन्हींचा सूर मिळाला तेव्हा अंगावर काटा आला.

१९६६ च्या 'फेस टू फेस' अल्बममधलं 'फॅन्सी' हे गाणंही याच वाटेवरचं आहे. तेही ऐका.

ते लाल कोट कुठून आले?

१९६४ मधल्या फोटोंत चौघं लाल शिकारी कोट आणि झालरीचे पांढरे शर्ट घालून उभे दिसतात. घोड्यावरून कोल्ह्याच्या शिकारीला जाणाऱ्या इंग्रज जमीनदारांचा हा पोशाख. कामगार वस्तीतल्या, आठ भावंडांच्या घरातल्या मुलांनी तो घालावा यातच त्याची गंमत होती. त्याआधी चामड्याचे कपडे आणि हातात चाबूक असलेले फोटोही काढून झाले होते, कारण 'किंकी' हा तेव्हा लंडनमध्ये चालणारा थोडा चावट शब्द होता आणि बँडचं नाव त्यावरूनच पडलं. त्याआधी ते 'रॅव्हन्स' होते. रेला 'किंक्स' हे नाव कधीच फारसं आवडलं नाही.

डेव्हला मात्र ही सगळी नटवेगिरी मनापासून आवडायची. खांद्यापर्यंत रुळणारे केस, उंच बूट, झुळझुळीत शर्ट. दुसरीकडे १९६६ मध्ये रेनं 'डेडिकेटेड फॉलोअर ऑफ फॅशन' लिहून कपड्यांच्या मागे धावणाऱ्या लंडनच्या तरुणांची टोपी उडवली. एकाच बँडमध्ये फॅशन करणारा आणि फॅशनवर गाणं लिहिणारा, दोघं सख्खे भाऊ. किंक्सची प्रतिमा म्हणतात ती मला तरी या ओढाताणीतच दिसते.

बीटल्स आणि स्टोन्स अमेरिकेत एवढे गाजले, मग किंक्स का नाही?

१९६५ च्या दौऱ्यानंतर अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं त्यांना काम करायची परवानगी देणंच बंद केलं. आयोजकांशी भांडणं, रद्द झालेले कार्यक्रम, टीव्ही स्टुडिओतली मारामारी अशी बरीच कारणं सांगितली जातात. परिणाम एवढाच की १९६५ ते १९६९, म्हणजे ऐन भरातली चार वर्षं, किंक्स अमेरिकेच्या मंचावर नव्हते.

नुकसान मोठं झालं. पण त्या चार वर्षांत रे घरी बसून जे लिहीत होता ते बघा: वॉटरलू स्टेशनबाहेरची संध्याकाळ, कर भरून कफल्लक झालेला श्रीमंत, गावातलं हिरवं मैदान, चहा, जुने फोटो. बाकीचे ब्रिटिश बँड अमेरिकन उच्चारात गात होते, तेव्हा रे आपल्या गल्लीच्या बोलीत गात होता. 'व्हिलेज ग्रीन' अल्बम २२ नोव्हेंबर १९६८ ला आला, नेमका बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमच्याच दिवशी, आणि साफ पडला. ब्रिटनच्या यादीत तो आलाच नाही. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच अल्बमला ब्रिटनमध्ये गोल्डचा मान मिळाला. माझ्या मते हे त्यांचं सर्वोत्तम काम. याबद्दल कुणाशीही वाद घालायला मी तयार आहे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकात काय केलं?

सत्तरच्या पहिल्या अर्ध्यात रेला नाटकाचं वेड लागलं. अल्बमची संगीतनाटकं झाली, मंचावर ब्रास वाजवणारे आणि कोरस आला, डेव्ह कंटाळला. १९७३ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर रेनं चालू कार्यक्रमात निवृत्ती जाहीर करून टाकली. ती टिकली नाही. दशकाच्या अखेरीस सरळ रॉककडे परत आले आणि ज्या अमेरिकेनं दार लावलं होतं तिथेच मोठमोठी स्टेडियमं भरवली. 'लो बजेट' (१९७९) तिथे अकराव्या क्रमांकावर गेला. १९८३ मध्ये 'कम डान्सिंग' सहाव्यावर.

'कम डान्सिंग' रेच्या बहिणीवर आहे का?

हो. डेव्हिस घरात आधी सहा मुली, मग रे, मग डेव्ह. त्या बहिणींतली रेनी लग्न होऊन कॅनडात गेली होती आणि परत माहेरी आली होती. लहानपणापासून तिचं हृदय कमकुवत होतं. डॉक्टरांनी नाचायला मनाई केली होती, पण नाच तिचा जीव की प्राण. २१ जून १९५७ ला रेचा तेरावा वाढदिवस. तिनं त्याला स्पॅनिश गिटार भेट दिली, जी तो कधीचा मागत होता. त्या संध्याकाळी ती लंडनच्या लिसियम बॉलरूममध्ये नाचायला गेली आणि नाचता नाचताच कोसळली. घरी परत आलीच नाही.

रेची पहिली चांगली गिटार म्हणजे ही. वाद्यांची यादी करताना लोक फ्लाइंग व्हीपासून सुरू करतात. माझ्या यादीत ही गिटार पहिली आहे. 'कम डान्सिंग'मधली बहीण जिवंत आहे, तिला मुली आहेत, आणि भाऊ तिला नाचायला चल म्हणतो. पंचवीस वर्षांनी रेनं गाण्यात तिला परत आणलं.

कार्डिफमध्ये नक्की काय झालं होतं?

१९ मे १९६५, कॅपिटॉल थिएटर. आदल्या दिवसाचं भांडण डोक्यात होतं. डेव्हनं मंचावरच मिकला काहीतरी लागट बोलून त्याच्या ड्रम्सना लाथ घातली. मिकनं झांजेचा स्टँड उचलून डेव्हच्या डोक्यात हाणला. डेव्ह रक्तबंबाळ होऊन पडला. तो मेला असं समजून मिक पळून गेला. डोक्याला १६ टाके पडले. पोलिसांना नंतर सांगितलं गेलं की हा कार्यक्रमाचाच एक भाग होता. यानंतरही हे दोघं एकाच बँडमध्ये १९८४ पर्यंत होते! शेवटी मिक बाहेर पडला तोही डेव्हशी न पटल्यामुळेच, पण रेनं त्याला किंक्सच्या कॉन्क स्टुडिओचं काम बघायला ठेवून घेतलं.

मूळ चौघं आता एकत्र येऊ शकतात का?

नाही. पीट क्वेफ १९६९ मध्येच बँड सोडून गेला होता. पुढे त्याचं मूत्रपिंड निकामी झालं, अनेक वर्षं डायलिसिसवर काढली, आणि जून २०१० मध्ये तो गेला. त्याच आठवड्यात ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मंचावर रेनं त्याच्या नावानं गाणं म्हटलं तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं. बँड सुटल्यावर चौघं एकत्र दिसले ते १९९० मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा, आणि २००५ मध्ये, ब्रिटनच्या म्युझिक हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात. नंतरच्या काळातले बास वाजवणारे जिम रॉडफर्ड २०१८ मध्ये गेले, कीबोर्डवाले इयन गिबन्स २०१९ मध्ये आणि जॉन गोसलिंग २०२३ मध्ये.

मग रे, डेव्ह आणि मिक तरी?

आशा बाळगावी असं बरंच काही घडलंय, म्हणून हे जरा सविस्तर.

२००४ हे साल दोघा भावांसाठी वाईट गेलं. जानेवारीत न्यू ऑर्लिन्समध्ये सोबतच्या मैत्रिणीची पर्स हिसकावणाऱ्यांच्या मागे रे धावला आणि त्याच्या पायाला गोळी लागली. जूनमध्ये लंडनला बीबीसीच्या इमारतीत डेव्हला पक्षाघाताचा झटका आला. त्याला चालणं, बोलणं आणि गिटार सगळं नव्यानं शिकावं लागलं. ज्या हातानं ती रिफ पहिल्यांदा वाजवली त्या हाताला ती पुन्हा शिकवायची, ही कल्पनाच जीवघेणी आहे. २०१३ मध्ये तो स्वतःचा बँड घेऊन पुन्हा दौऱ्यावर निघाला.

१८ डिसेंबर २०१५. लंडनच्या इस्लिंग्टन असेंब्ली हॉलमध्ये डेव्हचा कार्यक्रम होता. शेवटाकडे रे मंचावर आला आणि दोघांनी 'यू रियली गॉट मी' म्हटलं. जवळजवळ वीस वर्षांनी दोघं एका मंचावर. चाहत्यांनी मोबाइलवर काढलेली ध्वनिचित्रं आहेत, हलणारी, अंधारी. मी ती कितीदा पाहिली त्याला गणती नाही. गाणं संपल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात, तेवढ्यासाठी.

२०१८ मध्ये रेनं ब्रिटनच्या चॅनेल फोरच्या बातम्यांत सांगितलं की तो, डेव्ह आणि मिक पुन्हा एकत्र काम करतायत. जगभर बातमी झाली. नवा अल्बम काही आला नाही. २०२३ मध्ये बँडच्या साठीनिमित्त 'द जर्नी' हे संकलन आलं, आणि त्यातली गाणी तिघांनी मिळून निवडली. म्हणजे बोलणं आहे, एकत्र बसणं आहे. मंच नाही.

रे ऐंशीच्या पुढे गेला, मिकही. पूर्ण दौरा होईल असं मला वाटत नाही, आणि तसा आग्रह चाहत्यांनी धरूही नये. एखादी संध्याकाळ, दोन खुर्च्या, दोन गिटारी, एवढं झालं तर पुष्कळ. मात्र एक सांगतो: दोघांपैकी एकटाच भाऊ कुणाला तरी घेऊन 'किंक्स' नावानं उभा राहिला तर ते किंक्स नव्हेत. दोघांनीही आजवर तसं केलेलं नाही, याचा मला आदर वाटतो.

तोवर प्रत्यक्ष काही बघता येईल का?

जुन्या सदस्यांचा 'कास्ट ऑफ किंक्स' नावाचा बँड बरीच वर्षं इंग्लंडमध्ये वाजवत आलाय, त्यात मिकही वाजवायचा. २०१४ मध्ये रेच्या कथेवर आणि गाण्यांवर बेतलेलं 'सनी आफ्टरनून' हे संगीतनाटक लंडनला रंगमंचावर आलं आणि त्याला चार ऑलिव्हिए पारितोषिकं मिळाली. आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या सांगता सोहळ्यात रेनं गायलेलं 'वॉटरलू सनसेट' तर कुणालाही कधीही बघता येईल.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'यू रियली गॉट मी', 'सी माय फ्रेंड्स', 'सनी आफ्टरनून', 'वॉटरलू सनसेट', 'लोला'. याच क्रमानं. मग 'व्हिलेज ग्रीन' अख्खा, मधलं एकही गाणं न वगळता.

किंक्स म्हणून सगळे शेवटचे कुठे भेटले?

लोकांसमोरचा शेवटचा कार्यक्रम जून १९९६ मध्ये ऑस्लोला झाला. पण त्यानंतर एकदा सगळे जमले होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हला पन्नास वर्षं पूर्ण झाली, त्याची पार्टी क्लिसोल्ड आर्म्स नावाच्या पबमध्ये झाली. डेव्ह पुढे एका मुलाखतीत म्हणाला की मी केक कापणार तेवढ्यात रे टेबलावर चढला, भाषण ठोकलं आणि केक पायाखाली तुडवला.

हा पब फोर्टिस ग्रीनमध्ये आहे. रस्त्याच्या बरोबर पलीकडे डेनमार्क टेरेसमधलं सहा नंबरचं घर. शनिवारी रात्री त्या घराच्या पुढच्या खोलीत पियानोभोवती सगळं घरदार गायला बसायचं, आणि पोरं जरा मोठी झाल्यावर दोन गिटारी घेऊन चार माणसांसमोर पहिल्यांदा वाजवायला रस्ता ओलांडून याच पबमध्ये आली होती.